ठिपक्याचा डावा पाय

दात बनवणाऱ्या बाईच्या घरात तीन खोल्या होत्या, आणि त्यांतली सगळ्यांत मोठी, भरपूर उजेडाची खोली तिने एका निळ्या बाहुल्याला देऊन टाकली होती. घरातली माणसं उरलेल्या दोन खोल्यांत अंग चोरून राहत. पाहुणा आला की त्याला आधी ती खोली बघावी लागे, चहा मागाहून. तिचा नवरा म्हणायचा, "घराचा मालक तो. आम्ही आपले भाडेकरू."

बाहुल्याचं नाव ठिपक्या. ज्यांनी त्या काळात कचेरीत काम केलंय त्यांना तो कोण हे सांगायला नको. बाकीच्यांना सांगायला हवं. एके काळी कॉम्प्युटरला जोडलेले प्रिंटर करकर आवाज करत, बारीक सुयांनी कागदावर ठिपके ठोकून अक्षरं काढायचे. तसे प्रिंटर बनवणाऱ्या एका कंपनीने आपली ओळख म्हणून हा बाहुला काढला होता. बटाट्याएवढा गोल निळा ठिपका, खाली दोन फताडे पाय, एक डोळा मिटलेला, आणि डाव्या पावलावर एक गोड खळी. कंपनी बुडाली, प्रिंटर भंगारात गेले, ठिपक्या मात्र उरला. टेबलावर ठेवायचा रबरी, किल्लीला लटकणारा, कपावरचा, छत्रीवरचा, दुरुस्तीच्या पुस्तिकेच्या कोपऱ्यात उभा राहून "कागद अडकला? ओढू नका, मला विचारा" म्हणणारा. टीव्हीवरच्या जाहिरातीत तो घसरगुंडीवरून खाली येई आणि कागदावर पडून पूर्णविराम होई.

ती सात-आठ वर्षांची असताना वडिलांच्या कचेरीत तिने पहिल्यांदा ठिपक्याचं चित्र छापलं जाताना पाहिलं होतं. हात नाही, पेन्सिल नाही, कोणी काढणारा नाही. कागद वर सरकतोय आणि एकेका ओळीतून आधी डोकं, मग मिटलेला डोळा, मग पाय. तिचा आ वासलेला तो वासलेलाच राहिला. वडील हाका मारून थकले. पुढे लग्न झालं, कामधंदा लागला, केस पिकायला लागले, पण आत कुठेतरी तो आ अजून मिटलेला नव्हता. तसं नसतं तर एवढा पसारा कोण मांडतो?

पसाराही साधासुधा नव्हता. इंटरनेटवर तिने ठिपक्याचं संग्रहालय उघडलं होतं आणि जगभरातून लोक तिला फोटो, स्टिकरं, बुरशी चढलेल्या व्हिडिओ कॅसेटी पाठवत. कॅसेट पुसली जाण्याआधी तिची नक्कल काढायची, फ्लॉपी बंद पडण्याआधी तिच्यातलं वाचून घ्यायचं, यात तिचे रविवार जात. तिला सगळे 'ठिपकेताई' म्हणत. आणि ठिपकेताईची खरी कीर्ती होती ती तिच्या हातातल्या कसबाची. कान तुटलेला कप असो की फुटलेली छत्रीची मूठ, तिच्याकडे गेली की नव्यासारखी होऊन यायची.

तिचा धंदाच तसा होता. ती दाताची डॉक्टर नव्हे. डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचं माप घेतो, ते माप खालच्या मजल्यावरच्या तिच्या लॅबमध्ये येतं, आणि त्यावरून ती कवळ्या आणि दातांच्या टोप्या घडवते. ज्यांच्यासाठी घडवते ती माणसं तिला कधी दिसत नाहीत. नवरा चिडवायचा, की ही माणसांचे दात करून पैसे आणते आणि बाहुल्याच्या पायांवर घालते. यातलं दुसरं अगदी शब्दशः खरं होतं.

कारण रबरी ठिपक्यात एक खोट होती. डाव्या पावलाच्या तळाशी, जिथे कोणी बघत नाही तिथे, दोन आखूड खोलगट चिरा होत्या. एकीला लागून दुसरी, दोन्ही एकाच उथळ खळग्यात. एका नगात नव्हे, प्रत्येक नगात. कंपनीच्या जुन्या चित्रांत तळवा गुळगुळीत दिसे. तेव्हा ठिपकेताईने निकाल दिला, की साच्यातच दोष राहिलाय आणि बिचाऱ्या कंपनीच्या लक्षात आला नाही. मग तिने त्या चिरा बुजवायला घेतल्या. लॅबमध्ये दातांसाठी जी पूड आणि पाणी कालवतात, तो उरलासुरला लगदा ती चिरांत दाबून भरायची, घट्ट झाला की घासायची आणि वरून निळा रंग द्यायची. बुजवलेलं कुठे आहे ते तिलाही नंतर सापडत नसे. लोकांना हे इतकं आवडलं, की आपापले ठिपक्ये तिच्याकडे पाठवू लागले. एवढ्या सगळ्यांचे पाय बरे केले याचा तिला फार अभिमान होता.

एका सकाळी एका म्हाताऱ्या माणसाचा फोन आला.

"तुमच्याकडे ठिपक्या आहे म्हणे."

"आहे? काका, खोलीभर आहेत."

"मला एकच बघायचाय. डावा पाय उचलून बघायचाय."

असली फर्माईश तिला नवी नव्हती. हौशी माणसांना काय काय बघायचं असतं. तिने 'या' म्हटलं.

काका आले ते जिना चढून धापा टाकत. अंगात इस्त्रीचा शर्ट, हात मात्र कारागिराचे, नखं बोथट, अंगठा पसरट. "बायको खाली आहे," ते म्हणाले, "औषधाच्या दुकानापुढे बाकावर बसलीये. वर यायचं नाही म्हणते. असू दे."

तिने खोलीचं दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे बाजूला उभी राहिली. पाहुण्यांचे चेहरे बघायला तिला आवडायचं. पण असा चेहरा तिने आजवर पाहिला नव्हता. काका उंबऱ्यातच थांबले. जमिनीपासून छतापर्यंत फळ्या, प्रत्येक फळीवर रांगेने निळे ठिपक्ये, सगळ्यांचा एकेक डोळा मिटलेला. खिडकीतलं ऊन त्यांच्यावर पडलं होतं आणि सगळी भिंत निळी झाली होती.

"एवढे?" ते म्हणाले. "मी तर एकच केला होता."

बाईला आधी नीट कळलंच नाही. मग कळलं. ठिपक्या कोणी घडवला हे ती आणि तिच्यासारखे कितीतरी लोक वर्षानुवर्षं शोधत होते. कंपनीची कागदपत्रं नाहीशी झाली होती, खेळण्यांचा कारखाना पाडून तिथे गोदाम उभं राहिलं होतं. कोणी म्हणे परदेशी कलाकार आणला होता, कोणी म्हणे मशीननेच बनवला. आणि तो माणूस तिच्या दारात चपला काढत होता.

"तुम्ही? तुम्ही घडवलात?"

"मेणाचा नमुना माझा. मी कारखान्यात साचेकार होतो. त्या मेणावरून साचा आणि साच्यावरून पुढचे सगळे."

तिला काय विचारू आणि काय नको असं झालं. डोळा मिटायची कल्पना कोणाची, निळा रंग का, खळी कशी सुचली. एकामागून एक प्रश्न, उत्तराला जागाच नाही. काका ऐकत नव्हते. ते फळीजवळ गेले, एक ठिपक्या उचलला, उलटा केला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. मग दुसरा उचलला. मग तिसरा. तिसऱ्याचा तळवा त्यांनी नखाने खरवडून पाहिला.

"इथे खूण होती," ते म्हणाले. "दोन चिरा होत्या इथे."

"हो ना, होत्या," बाई कौतुकाने म्हणाली. "मी बुजवल्या. सगळ्यांच्या बुजवल्या. आता शोधूनही सापडायच्या नाहीत."

काका जवळच्या स्टुलावर बसले. आपण काहीतरी भलतं करून बसलोय एवढं तिला समजलं. तिने पाणी आणून दिलं. त्यांनी पेला हातात धरला, प्यायले नाहीत, आणि सांगायला लागले.

"आम्हाला एक मुलगी होती. बायकोला छातीचं दुखणं झालं, दवाखान्यात ठेवलं. तान्ह्या पोराला आत नेऊ देत नव्हते. मुलगी माझ्यापाशी. साहेब भला माणूस, म्हणाला घरी बसून काम कर. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावर मेण, आणि मांडीवर मुलगी. एक दिवस वळून बघतो तर तिने मेणाच्या ठिपक्याचा पाय तोंडात घातलेला. ओढून काढला तर खाली दोन खुणा. मला तोवर माहीतच नव्हतं तिला दात आलेत म्हणून."

"मग तुम्ही खुणा पुसल्या नाहीत?"

"गरम सुरी फिरवली असती की गेल्या असत्या. पण म्हटलं राहू दे. हा बाहुला तयार होऊन आला की दवाखान्यात घेऊन जाईन, बायकोला म्हणेन, बघ, तुझ्या लेकीला दात आले. तळव्याला कोण बघतंय? साहेबांच्याही लक्षात आलं नाही." त्यांनी पेला खाली ठेवला. "मग मुलीला ताप भरला. चार दिवसांत गेली. बायको घरी आली तेव्हा पाळणा रिकामा होता."

बाई स्टुलाशेजारी जमिनीवरच बसली.

"मी तिला सांगितलं, दात आले होते गं. ती म्हणाली, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी रचू नका. आणि बाहुला दाखवायची सोय नव्हती. त्याचं नाव काढलं की तिचा संताप व्हायचा. मुलगी तापली तेव्हा मी याच्या कामात मान खाली घालून बसलो होतो, असं तिच्या मनात. तसं नव्हतं, पण सांगणार कसं? मी ती नोकरीच सोडली. याला घरात कधी आणलं नाही. परवा तीच आपणहून म्हणाली, आपल्या मुलीला दात आले असते तर कसे दिसले असते हो? मी म्हटलं, आले होते. म्हणाली, अजून तेच खोटं."

बाईला आयुष्यात कधी नव्हे ते आपल्या हातांची लाज वाटली. मग ती उठली, काचेच्या कपाटाचं कुलूप काढलं आणि एक खोकं बाहेर आणलं. जुन्या चिकटपट्टीने बंद केलेलं, कधीच न उघडलेलं, सगळ्या जगात असं एकच असेल. ती लोकांना ते काचेबाहेरूनसुद्धा लांबूनच दाखवायची. आता तिने सुरी घेतली.

"हे काय करताय?" काका म्हणाले.

"यातला मी बुजवलेला नाही."

"राहू द्या. जपलेली वस्तू आहे, कशाला फोडता?" कारागिराने कारागिरासारखं विचारलं, "तुम्ही भरलंय ते चिकटलंय की नुसतं बसलंय?"

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रबरावर तो लगदा चिकटत नाही, नुसता बसतो. ती धावत जाऊन वाडगाभर गरम पाणी घेऊन आली. हाताला लागला तो ठिपक्या पाण्यात धरला, रबर मऊ होऊ दिलं, मग लॅबमधली बारीक टोकाची सळई कडेने फिरवली आणि अंगठ्याने मागून दाबलं. टक् आवाज झाला. बुजवलेला तुकडा तिच्या तळहातावर पडला.

तिने तो उलटा केला. वरून निळा होता. खालून पांढुरका, पिवळसर छटेचा. अर्थात, दाताच्याच पुडीचा होता ना. आणि त्या पांढुरक्या बाजूला दोन दात उभे होते.

ती बघतच राहिली. दातांची तिला रोजची सवय. दात म्हणजे तिच्या लेखी काम, बाकी काही नाही. हे दोन होते खालच्या पटाशीचे, दुधाचे, इवलेसे, नुकते हिरडी फोडून वर आलेले. एक जरा उंच, दुसरा मागाहून निघालेला, आणि दोघांच्या मधे केसाएवढी फट. तिने फक्त एक भोक बुजवलं होतं. चावलेल्या जागेत लगदा भरला की दात तयार होतो, हे लॅबमधल्या नवशिक्या पोरीलाही कळतं, आणि तीच ती, दात बनवणारी बाई, वर्षानुवर्षं एकाच तान्ह्या मुलीचे दात बनवत होती आणि निळा रंग फासून झाकत होती. फळ्यांवर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या तळव्यात ते होते. कोणाच्या कचेरीत, कोणाच्या गाडीत, समुद्रापलीकडे कोणाच्या उशाशी, जिथे जिथे ठिपक्या गेला तिथे ती मुलगी चावा घेऊन गेली होती.

"वरचे दात आले नव्हते ना?" तिने हळूच विचारलं.

"नाही. खालचे दोनच."

तिने ठिपक्या सुलटा केला आणि डाव्या पावलावरची ती खळी बघितली. गुळगुळीत, उथळ, वळलेली. जगभरच्या लोकांनी जिच्यावर जीव टाकला, जिच्यावर लेख लिहिले, ती कलाकाराची खळी म्हणजे दात नसलेली वरची हिरडी होती. तिने काकांचं बोट धरून खळीवर टेकवलं. ते हो म्हणाले, फक्त मान हलवून.

"रबर थंड होताना आकसतं काका. खरे दात याहून कणभर मोठे असतील. बाकी सगळं तिचंच."

तेवढ्यात दारात पावलं वाजली. खाली बाकावर बसून कंटाळलेल्या आजी कठड्याला धरत वर आल्या होत्या. त्यांनी भिंतींकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. "झालं का बघून? निघायचं का?"

काकांनी तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.

आजींनी चष्मा सारखा केला. बराच वेळ पाहिलं. मग बाईकडे वळून विचारलं, "तुम्ही काय काम करता?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. खाली पाटीच होती. "दात बनवते मी, काकू."

"हे तुम्ही बनवलेत?"

"बनवले मीच, पण..."

"वाटलंच." आजी काकांकडे वळल्या. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आता हे करून घेणंच बाकी होतं. कशासाठी हो? इतकी वर्षं मी काही मागितलं का तुमच्याकडे?"

काकांचा चेहरा असा पडला, की बाईला तो बघवेना. खरं समोर आलेलं असताना खोटं ठरत होतं, आणि तेही तिच्या धंद्यापायी. ती समजावत बसली नाही. समजावलेलं कोणाला पटतं? तिने आजींच्या समोर गरम पाण्याचा वाडगा ठेवला.

"काकू, मी हात लावत नाही. या भिंतीवरचा कोणताही उचला. तुमच्या मनाला येईल तो."

"मला नको तो."

"एकदाच. माझ्यासाठी."

आजी जायला वळल्या, आणि का कोण जाणे, पुन्हा वळल्या. सहज हाताला येणारा त्यांनी घेतला नाही. अगदी खालच्या फळीवरचा, मागच्या रांगेतला, रंग उडालेला एक ओढून काढला. बाईने सांगितलं तसा तो पाण्यात धरला. पहिल्यांदाच त्या बाहुल्याला त्यांनी हात लावला होता. बाईने सळई त्यांच्याच हातात दिली, कुठून फिरवायची ते दाखवलं. म्हाताऱ्या बोटांना वेळ लागला. मग टक् झालं.

दोन दात. एक उंच, एक बुटका, मधे केसाएवढी फट.

आजींनी पहिला तुकडा दुसऱ्याशेजारी ठेवला. मग न सांगता आणखी एक ठिपक्या घेतला, खिडकीजवळचा. मग वरच्या फळीवरचा दाखवून म्हणाल्या, "तो द्या काढून." बाईने काढून दिला. टेबलावर तुकड्यांची रांग झाली. सगळीकडे तेच दोन दात, आणि अजून सगळी भिंत बाकी होती. आजींनी वर, छताला टेकलेल्या रांगांकडे पाहिलं, आणि या वेळी नजर काढून घेतली नाही.

"या सगळ्यांत?"

"सगळ्यांत," बाई म्हणाली. "मेणाच्या पायाला तिने घेतलेला चावा साच्यात उतरला. लोकांकडे आहेत त्यांतही तोच. किती ते मला सांगता यायचं नाही."

आजी खुर्चीवर बसल्या. एक तुकडा त्यांनी मुठीत घेतला. काका भिंतीला टेकून उभे होते. आपल्यावर काय निकाल लागतोय याची वाट बघणाऱ्यासारखे. बाईला वाटलं आपण बाहेर जावं, पण पाय उचलेना.

"चावायची का हो तुम्हाला?" आजींनी विचारलं.

"फार."

"कुठे?"

काकांनी जवळ येऊन उजव्या हाताची तर्जनी पुढे केली. आजींनी ती आपल्या डाव्या हातात धरली आणि ते दोन दात तिच्या पेरावर टेकवून हलकेच दाबले.

"अशी?"

"याहून जोरात," काका म्हणाले.

आजींनी दोन्ही हातांनी जोर लावला.